आतली दोरी, बाहेरची थाप

दोरी आत दादाच्या हातात होती. मग काचेवर बाहेरून थाप कोण मारत होतं?

एवढंच विचारत होतो मी. आमच्या दुकानांच्या लाइनीतल्या एकेकाला गाठून विचारलं. सरळ उत्तर कोणी दिलं नाही. विचारलं की समोरचा माझ्या खांद्यावर हात ठेवणार, चहा सांगणार आणि म्हणणार, "अबे संजू, तुझ्या दादाचा एक किस्सा सांगतो तुले..." असे किस्से साचत गेले. दादा होता तेव्हा एवढे नव्हते. गेल्यावर जणू त्यांना पिल्लं झाली! आणि जो माणूस प्रश्नाला किस्सा देतो, त्याच्यावर माझा संशय दुप्पट होतो.

आमचं दुकान वणीत, चंद्रपूर रोडला. काच आणि रबर. कोळशाच्या ट्रकच्या चाकातून गोटा उडतो आणि मागच्याची काच फुटते, त्यामुळे धंदा कधी थांबत नाही. पण मी सांगतोय ते वकीलसाहेबांच्या जुन्या काळ्या गाडीचं. गाडी त्यांच्या वडिलांची. पुढून गोल, मागून गोल, रबरं भाजलेल्या पापडासारखी. पुढची काच तडकलेली, दारांच्या काचा पिवळ्या पडलेल्या. एवढं सगळं नवं बसवायचं होतं, बाकीच्या काचा धुऊन परत.

आता हे समजून घ्या. जुन्या गाडीची पुढची काच चिकटवत नाहीत. काचेभोवती रबर चढवायचं. रबराला बाहेरून आणखी एक खाच असते, तिच्यात दोरी भरायची. साबणाचं पाणी मारायचं, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि दोरीची दोन्ही टोकं गाडीच्या आत घ्यायची. आतला माणूस दोरी ओढत जातो तसा रबराचा ओठ पत्र्यावर पलटतो. बाहेरच्याने त्याच क्षणी त्याच जागी तळहाताने थाप मारायची. दादाची शिकवण होती, "एक जोरात रबराले, एक हळू काचेले." म्हणजे धप्प आणि टप. एकट्याचं हे काम नाही. आत दादा, बाहेर मी, अशी आमची जोडी होती.

त्या दिवशी मी नव्हतो. उमरखेडच्या एका भंगारवाल्याकडे तसलीच एक गाडी उभी होती आणि तिच्या दारांची रबरं अजून नरम होती. ती आणायला दादानेच मला पाठवलं. रबराचं वेटोळं गळ्यात घालून एसटीने परत आलो, तर दादाला घरी आणून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. ते मी मानलं.

पण दुकानात काळ्या गाडीची काच अर्धी बसलेली होती! डाव्या बाजूने खालून वरपर्यंत ओठ नीट पलटलेला. उजव्या बाजूची दोरी आत लोंबत होती. एकट्या माणसाला ती काच वीतभरही बसवता येत नाही.

म्हणजे बाहेर कोणीतरी होतं. दादाच्या तोंडासमोर, काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर. त्याने दादाला जाताना पाहिलं. आणि तो बोलत नव्हता.

*

रबराचा काळा रंग हाताला लागला की दोन दिवस निघत नाही. हे मला त्याच संध्याकाळी आठवलं.

लोक भेटायला येत होते. मी प्रत्येकाचे हात हातात घ्यायचो आणि उलटे करून पाहायचो. लोकांना वाटलं, पोरगं दुःखाने हात सोडत नाहीये. बाया तर मला पाहून आणखी रडायला लागल्या.

शेजारच्या दुकानातले रफीकभाई आले. सीट कव्हर आणि गाड्यांचे हूड शिवतात, सोल्युशनने चिकटवतात. त्यांचे तळवे काळे होते! मी मनगट धरूनच ठेवलं.

"संजू, ये तो सोल्युशन का दाग है," ते म्हणाले. "निकाह के फोटो में भी है."

वकीलसाहेबांचे हात एकदम पांढरे, चंदनाच्या साबणाचा वास येणारे. मला त्यांचाच संशय जास्त आला.

"एवढे स्वच्छ हात काहून आहे तुमचे?"

"अरे, मी कोर्टातून आलो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला नाही.

समोर टपरी लावणारे मारोतराव आले. त्यांच्या हातावर नेहमीचे चहाचे चटके होते. शेवटी मुकुटबनचे आमचे मामा आले. शेतकरी माणूस, दादाला मांडीवर खेळवलेला.

"मामा, हात दाखवा."

मामांनी दोन्ही तळवे पुढे केले आणि हुंदका देत म्हणाले, "आता माह्या नशिबात काय पाह्यतं रे बाप्पा! जे पाह्याचं नोतं ते पाहून झालं."

आतल्या खोलीत बाया होत्या. मागे मोरीत वहिनी राख घेऊन भांडी घासत बसली होती. मावशी तिला उठवत होती, "ठेव व माय, आज कोणी जेवत नाई." वहिनी काही उठेना.

पुरुष मात्र मी एकूण एक तपासले. एकही सापडला नाही.

*

सगळ्यात आधी मी रफीकभाईंना धरलं. त्यांच्या आणि आमच्या दुकानात एक पातळ भिंत आहे. इकडे शिंकलं तर तिकडून "सलामत रहो" येतं.

"भाई, थाप तुम्हाले ऐकू आली असंन. कोण होतं?"

"सुन," ते म्हणाले. "नाड्याचा किस्सा माहीत आहे का तुले?"

मला माहीत होता, तरी त्यांनी सांगितला.

दादा काचेला नायलॉनची दोरी कधी वापरायचा नाही. ती रबर कापते. सुतळी तुटते. दादा पायजम्याचा नाडा वापरायचा. मऊ, चपटा, सरकन निघणारा. वणीच्या बाजारात एकटा माणूस वर्षभर नाडे घेतो म्हणून दुकानदारही त्याच्याकडे संशयाने पाहायचा.

एकदा मुकुटबनच्या लग्नासाठी कोणाची तरी जुनी गाडी आली. नवरदेव त्यातून जाणार होता. काच बसवताना ऐन वरच्या कोपऱ्यात नाडा तुटला. वऱ्हाडी रस्त्यावर उभे, बँड तयार! दादा आतून ओरडला, "संज्या, दाबून धर, सोडू नको!" आणि त्याने स्वतःच्या पायजम्याचा नाडा ओढून काढला. काच बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नवरदेवाची आई हार घेऊन आली.

"भाऊ, उतरा न आता. गाडीले हार घालाचा आहे."

दादा सीटवरून हलेना. "घाला न बाई तुम्ही. मी आतच बरा!"

"अवो, पण नवरदेव बसते न!"

"बसू द्या. मी कडेले सरकतो."

आणि गाडी दादासकट मुकुटबनला गेली! दोन्ही हातांनी पायजमा धरून दादा पुढच्या सीटवर. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाच्या घरचा कोणीतरी मोठा माणूस आहे, मानाचा आहे, म्हणून उतरत नाही. त्यांनी गाडीतच त्याला फेटा बांधला. संध्याकाळी दादा परत आला तेव्हा डोकं उघडं होतं आणि फेटा कमरेला होता!

रफीकभाई हसता हसता डोळे पुसायला लागले. मी वाट पाहिली. मग पुन्हा विचारलं, "भाई, बाहेर कोण होतं?"

ते मशीनवर बसले आणि जोरजोरात पाय मारायला लागले. मी वाकून पाहिलं.

मशीन धडाधड चालू होती. सुईखाली कापड नव्हतं!

*

वकीलसाहेब हा माणूस मुळातच संशयी. आम्ही त्यांच्या वडिलांच्या गाडीच्या अस्सल काचा काढून घेऊ आणि दुसऱ्या बसवू, अशी त्यांना पहिल्या दिवसापासून खात्री होती. म्हणून धुऊन बसवायच्या चांगल्या काचांवर त्यांनी कोपऱ्यात, दिसणार नाही असा, बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

दादाला तो ठिपका लगेच दिसला. त्याने वहिनीकडून नेलपॉलिश मागवलं आणि दुकानातल्या सगळ्या काचांवर ठिपके दिले!

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक काच पाहायला लागले. "ही माझी. ही माझी. अरे, ही पण माझीच!" शेवटी ते कोळशाच्या एका टिपरच्या भल्यामोठ्या काचेसमोर उभे राहिले. ठिपका त्यावरही होता.

दादा गंभीरपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या वडिलांचा टिपर बी होता काय?"

त्यानंतर दारांची रबरं बसवली की पाण्याची परीक्षा असते. एक माणूस आत बसवायचा, बाहेरून पाइपने पाणी मारायचं, कुठे थेंब आला ते त्याने सांगायचं. जुन्याच रबरांवर आधी एकदा पाहून घेऊ, कुठून गळतं ते कळेल, असं दादा म्हणाला. वकीलसाहेबांचा आमच्यावर भरोसा नव्हता. "मी स्वतः बसतो," म्हणाले. पेपर घेऊन मागच्या सीटवर बसले. दार लावलं. दारांचे आतले हँडल आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवले होते, हे आमच्या तिघांच्याही लक्षात नव्हतं.

आम्ही पाणी सोडलं. थोड्या वेळाने आत वकीलसाहेब हात हलवायला लागले. मग पेपर डोक्यावर धरला. मग तोंड उघडून काहीतरी बोलायला लागले. पाइपच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं.

"दादा, ते काय म्हणून राह्यले?"

"खुश होऊन राह्यले," दादा म्हणाला. "त्यायले वाटलं नोतं, एवढ्या जुन्या रबरातून बी आवाज बाहेर येत नाई म्हणून. मार अजून!"

हँडल परत लावून बाहेर काढले तेव्हा पेपरची शाई त्यांच्या पांढऱ्या शर्टवर उतरली होती. पाठीवर अख्खी बातमी वाचता येत होती!

असा हा माणूस. ठिपक्यासाठी भांडणारा. त्यांनाही मी विचारलं, अगदी कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठून.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही गाडी पाहाले येणार होते. आलते काय?"

"उशिरा आलो."

"मंग कोण होतं बाहेर?"

त्यांनी काळा कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "संजू, एक सांगतो. ज्या उत्तराने तुझं काही भलं होणार नाही, तो प्रश्न मी साक्षीदाराला विचारू देत नसतो."

मी सातवीत शाळा सोडली. पण एवढं मलाही कळतं. "म्हणजे उत्तर आहे तर!" मी ओरडलो. पायऱ्यांवरचे पक्षकार वळून पाहायला लागले. "सांगत नाई तोवर गाडी होत नाई तुमची! ऱ्हाऊ द्या तशीच!"

मला वाटलं, आता नोटीस येईल. काही आलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कापूस वेचायला आला. वडिलांची गाडी ताडपत्रीखाली अर्ध्या काचेने उभी, आणि वकीलसाहेब रोज समोरून जाताना मलाच विचारायचे, "जेवलास का रे?"

आता सांगा. संशय येणार नाही तर काय!

*

पण खरा संशय मारोतरावांवर.

त्याचं कारण डबा. दादाचा डबा त्या दिवशी दुकानात टूलबॉक्सवर होता. झाकण लावलेला, न उघडलेला. मी विचारलं तेव्हा मारोतराव म्हणाले, "म्या आणला तुमच्या घरून."

मारोतरावांनी! ज्या माणसाने स्वतःच्या पोराच्या लग्नात टपरी बंद केली नाही! वरात टपरीवरून नेली, तेव्हा एका हाताने अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या हाताने चहा गाळला. तो माणूस भर दुपारी टपरी उघडी टाकून आमच्या घरी डबा आणायला जाईल?

"तुमचा गाळणा कोणी धरला होता मंग?" मी विचारलं.

"बस," ते म्हणाले. "चहा घे. पदूभाऊच्या मराच्या नाटकाचं सांगतो."

प्रदीप नाव दादाचं, सगळे पदूभाऊ म्हणायचे. आणि मरायचं नाटक ही त्याची एकच वाईट खोड. काच पक्की बसली, बाहेरचा आवाज आत येणं बंद झालं की आतल्या आत मान टाकायची, जीभ बाहेर काढायची आणि पडून राहायचं. बाहेरच्याची फजिती पाहायची.

पहिल्यांदा मीच फसलो. अनवाणी धावत टपरीवर गेलो, मारोतरावांचा पाण्याचा जग उचलून आणला. दार उघडलं तर सीट रिकामी! मागे वळून पाहतो तर दादा टपरीच्या बाकावर बसून माझा चहा पीत होता.

वकीलसाहेब फसले तेव्हा त्यांनी दाराला हात लावला नाही. आधी रस्त्यावरून दोन माणसं बोलावली, त्यांना नावं विचारली, "नीट पाहून ठेवा" म्हणाले आणि मगच दार उघडलं.

रफीकभाई फसले तेव्हा त्यांनी काही विचार केला नाही. मोठा दगड उचलला, काच फोडायला हात मागे नेला. मेलेला दादा ताडकन उठून बसला आणि आतून दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "अबे काच! काच सोड!"

मारोतराव सांगताना इतके हसत होते की चहा उतू गेला.

"एक तुही वयनीच कधी फसली नाई पाह्य," ते म्हणाले. "डबा घेऊन ये. काचेतून एकडाव पाहे. बोटानं टिचकी मारे. 'झालं काय नाटक? मेलेल्या माणसाची पापणी हालते काय? पोळ्या थंड होऊन राह्यल्या!' अन् डबा ठेवून चालली. वळून बी पाहे नाई. मंग तुहा दादा अर्धा बाहेर येऊन बोंबले, 'अवो, एकडाव तरी रड न माह्यासाठी!'"

हे बोलले आणि मारोतराव एकदम थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आवाज गेला. त्यांनी फडकं घेतलं आणि कोरडीच जागा पुसायला लागले.

"काय झालं?"

"काई नाई. जाऊ दे."

"तुम्ही होते बाहेर! तुम्हाले वाटलं दादा नाटक करून राह्यला. तुम्ही त्याले तसंच टाकून आले. हाव का नाई?"

मी त्यांची कॉलर धरली. गल्ला कलंडला, ग्लास पडले. रफीकभाई धावत आले. "छोड संजू! बुड्ढे को छोड!" त्यांनी मला ओढून बाजूला केलं. मला वाटलं, आता मारोतराव चिडतील, शिव्या देतील, माझ्या आईबापाचा उद्धार करतील. मी मनाची तयारी केली होती.

त्यांनी कॉलर नीट केली. फुटलेल्या काचा पायाने सरकवल्या. नवा ग्लास विसळला आणि चहा भरून माझ्यासमोर ठेवला.

"साखर जास्त टाकली," म्हणाले. "सकाळपासून काई खाल्लं नसंन तू."

*

मग मी ठरवलं. विचारून होत नाही तर हाताने ओळखायचं.

थाप लपत नाही. ज्याने दादाबरोबर अर्धी काच बसवली, त्याला दादाने शिकवलंच असणार. धप्प आणि टप. एकदा हाताला ते वळण लागलं की खोटं मारता येत नाही. मी आत दादाच्या जागी बसणार, नाडा धरणार आणि यांना एकेकाला बाहेर उभं करणार.

काळ्या गाडीवरची ताडपत्री काढली. अर्ध्या बसलेल्या काचेखालचं रबर उन्हात तापू दिलं. साबणाचं पाणी बादलीत केलं. तिघांनाही बोलावलं. वकीलसाहेबही आले, कोट काढून.

"आज गाडी पूर्ण करतो," मी म्हणालो. "बाहेर कोण उभं राह्यते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आधी रफीकभाई. गादीतला कापूस बसवावा तशी त्यांनी दोन्ही हातांनी धपाधप सुरुवात केली. "भाई, थांबा! काच फुटन!" मग वकीलसाहेब. साहेबांच्या केबिनवर टकटक करावं तसं एका बोटाने काच वाजवायला लागले. "साहेब, आत या म्हणू काय?" मी विचारलं. कोणी हसलं नाही. मारोतरावांनी हात बादलीत घातले, बाहेर काढले. टपरीपुढे सडा मारावा तसं काचेवर नुसतं पाणी शिंपडलं. ते मागे सरकले.

तिघेही नव्हते. हे मला नाडा हातात धरल्या धरल्या कळलं. एवढे महिने ज्यांच्यावर डूख धरला, त्यांच्यातल्या एकालाही थाप येत नव्हती.

"मंग भुतानं बसवली काय अर्धी काच?" मी आतून ओरडलो.

तेवढ्यात दुकानाच्या फाटकात वहिनी दिसली. सकाळी मी रागारागात डबा घरीच विसरलो होतो. दादा गेल्यापासून ती दुकानात आली नव्हती. डबा मीच बरोबर घेऊन यायचो.

तिने गाडीकडे पाहिलं. आत मी, हातात नाडा. तिने डबा टूलबॉक्सवर ठेवला. पदर खोचला.

मारोतराव पुढे झाले. "ज्योती, नको पोरी."

ती थांबली नाही. बादलीत हात बुडवले, उजव्या कोपऱ्याशी येऊन उभी राहिली आणि माझी वाट पाहायला लागली. माझा हात हलेना. तिने बोटाने काचेवर टिचकी मारली. ओढ.

मी ओढलं.

धप्प. टप.

बरोबर तिथेच. तळहाताच्या मुळाने एक रबराला, बोटांनी एक काचेला. मी ओढलं तशी ती सरकत गेली. धप्प, टप. धप्प, टप. कोणी तिला सांगत नव्हतं. बाहेर ते तिघे जमिनीकडे पाहत उभे होते. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

वरच्या कोपऱ्यात ओठ पलटला आणि बाहेरचा आवाज बंद झाला. वहिनीचे ओठ हलत होते. काय बोलत होती, मला ऐकू आलं नाही. ती रबराकडे पाहत नव्हती. तिची नजर माझ्या डोळ्यांवर होती, पापण्यांवर. हात आपोआप पडत होते.

नाड्याची शेवटची वीत राहिली होती. मान खाली घालून रडावंसं वाटत होतं. मी मान ताठ ठेवली. नाडा संपेपर्यंत तिच्याकडे पाहत पापण्या हलवत राहिलो. तिला दिसतील अशा. सारख्या.

मग दार उघडून बाहेर आलो आणि पोळ्या थंड व्हायच्या आत जेवायला बसलो.